मागचा गडी

खेळ कोणताही असो, प्रेक्षकांचे डोळे पुढे धावणाऱ्याबरोबर धावत असतात. कबड्डीत चढाईला गेलेला गडी दोघांना शिवून परतला की टाळ्यांचा कडकडाट होतो. कोपरा सांभाळीत सबंध डाव उभा राहिलेल्याचे नाव पुष्कळदा गावाला ठाऊकही नसते. खोखोत सूर मारून गडी टिपणाऱ्याला मुले खांद्यावर घेतात. ज्याने नेमक्या क्षणी त्याला खो दिला तो धूळ झटकीत बाजूला उभा असतो. मनुष्यस्वभावच असा आहे. त्याबद्दल कोणास बोल लावावा असे आम्हांस वाटत नाही. मात्र मागे उभे राहणाऱ्याचे काम नेमके काय, ह्याविषयी आपल्या सर्वांच्या मनात एक जुनी समजूत घर करून बसली आहे, आणि ती तपासून पाहण्याची संधी अलीकडे आम्हांस एका परदेशी खेळाने दिली. तो खेळ म्हणजे पेंटबॉल.

हे नाव वडीलधाऱ्या वाचकांस अपरिचित असेल. परंतु घरातील तरुण मंडळींस विचारावे. आमच्या हैदराबादेच्या आसपास आणि गोव्यातही ह्या खेळाची मैदाने निघाली आहेत, आणि तेथून परतलेल्या मुलांच्या कपड्यांवरचे निळे-पिवळे डाग आयांनी पाहिलेले आहेत. "फादर, हा बंदुकीचा खेळ आपल्या मुलांना शोभतो का?" असे एका मातेने आम्हांस विचारलेही होते. तिचे समाधान व्हावे म्हणून आम्ही ह्या खेळाचा पूर्ववृत्तान्त शोधला, आणि तो वाचताना आमचेच कुतूहल वाढत गेले.

मूळ हत्यार युद्धासाठी झालेले नव्हे. अमेरिकेतील जंगल खात्याची माणसे तोडावयाच्या झाडांवर दुरून खूण करण्यासाठी, आणि गुरे राखणारे कळपातील निवडक जनावरांवर खूण करण्यासाठी, रंगाची गोळी फेकणारे एक पिस्तूल वापरीत असत. १९८१ साली न्यू हॅम्पशायर राज्यात काही मित्रांमध्ये एक वाद जुंपला. चार्ल्स गेन्स हे लेखक आणि हेज नोएल हे शेअरबाजारातील गृहस्थ त्या वादाच्या अग्रभागी होते. शहरात धक्काबुक्की करून जगायला शिकलेला मनुष्य रानात टिकेल, की तेथे रानात वाढलेलाच सरस ठरेल, असा तो वाद. बॉब गर्न्सी नावाच्या तिसऱ्या मित्राने नियम बांधण्यास साह्य केले. २७ जून १९८१ रोजी हेनिकर ह्या गावाजवळच्या रानात बारा जण ही झाडे रंगविणारी पिस्तुले घेऊन उतरले. चार ठिकाणी चार रंगांची निशाणे ठेविली होती; चारही रंगांचे एकेक निशाण गोळा करून, अंगावर रंगाचा डाग न घेता जो प्रथम बाहेर येईल तो जिंकला. प्रत्येक जण स्वतःपुरता; कोणी कोणाचा साथी नाही.

जिंकला तो रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा मनुष्य. आणि मौज अशी की, त्याने त्या दिवशी एकही गोळी झाडली नाही! झाडाझाडांतून तो असा निःशब्द फिरला की निशाणे घेऊन बाहेर येईपर्यंत त्याचा कोणास सुगावा लागला नाही. ज्या खेळाला लोक बंदुकीचा खेळ म्हणतात त्याचा पहिला विजेता बंदूक न वापरता जिंकला, हे आम्ही त्या मातेस सांगितले तेव्हा तिला हसू आले. पुढचा खुलासाही तिला आवश्यक होता, तो असा. आजची गोळी सुमारे सतरा मिलिमीटर व्यासाची, तीनेक ग्रॅम वजनाची, औषधाच्या कॅप्सूलसारख्या जिलेटिनच्या कवचात पाण्याने धुऊन जाणारा रंग भरलेली असते. तिचा वेग बहुतेक मैदानांवर सेकंदाला तीनशे फुटांच्या आत ठेवितात. अंगाला लागली तर वळ उठतो. डोळ्याला लागली तर डोळा जाईल. म्हणून मैदानात असेपर्यंत तोंडावरचा मुखवटा क्षणभरही काढावयाचा नाही, हा ह्या खेळाचा पहिला आणि अनुल्लंघनीय नियम आहे.

हा पहिला डाव एकेकट्याचा होता. म्हणून त्यात पुढचा-मागचा असा भेद नव्हता. परंतु लवकरच लोक संघ करून खेळू लागले, आणि गड्यांची कामे वाटली जाऊ लागली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रानाऐवजी सपाट हिरवळीवर, हवेने फुगविलेले आडोसे मांडून सामने होऊ लागले. ह्या आडोशांना बंकर म्हणतात. मैदानाच्या एका अर्ध्यावर जसे बंकर तसेच दुसऱ्या अर्ध्यावर, अगदी आरशातल्यासारखे. म्हणजे मांडणीचा लाभ एकाच पक्षास मिळावयाचा नाही. आजच्या मोठ्या स्पर्धांत बहुधा पाच विरुद्ध पाच गडी असतात. ह्या पाचांच्या तीन जाती.

पहिला पुढचा गडी. पंचांची खूण होताच तो जिवाच्या आकांताने धावतो आणि मैदानाच्या मध्याजवळचा बंकर गाठतो. एका बाजूला सापासारखी लांबच लांब, गुडघाभर उंचीची बंकरांची ओळ असते. तिला स्नेक असेच म्हणतात. तिच्यामागे पोटावर सरपटत जावे लागते, म्हणून तेथे लहान चणीचा, चपळ गडी घालतात. दुसऱ्या बाजूला उभे त्रिकोणी बंकर असतात. मक्याच्या त्रिकोणी चकत्यांचा डोरिटो नावाचा एक खाऊ मिळतो, त्यावरून त्यांना डोरिटो हेच नाव पडले आहे. तेथे उंच गडी शोभतो. पुढचा गडी पाठीवर ओझे फारसे घेत नाही. त्याला गोळ्यांपेक्षा पाय महत्त्वाचे. शत्रूला बगलेतून गाठून बाद करणारा तोच, छायाचित्र निघते ते त्याचेच, आणि पुष्कळदा सर्वांत आधी बाद होऊन बाहेर पडतो तोही तोच.

दुसरा मधला गडी. त्याची व्याख्या करणे कठीण, कारण प्रसंग पडेल ते काम त्याचे. पुढचा बाद झाला की धावत जाऊन त्याची रिकामी जागा भरावयाची; मागचा बाद झाला की मागे लक्ष द्यावयाचे; आणि ह्या दोहोंमधील दुवा व्हावयाचे. मागून आलेली हाक पुढच्याच्या कानी पडली नसेल तर ती पुन्हा मोठ्याने उच्चारून पुढे पोचविणे हे त्याचे नित्याचे काम. कुटुंबात बाप आणि मुलगा ह्यांच्यामध्ये आई जे करीत असते, तेच थोडेबहुत हा गडी करीत असतो.

तिसरा मागचा गडी. तो प्रारंभीच्या रेषेजवळच्या उंच बंकराआड उभा राहतो. पाठीच्या पट्ट्यात गोळ्यांच्या नळ्या सर्वांत अधिक त्याच्याच. प्रत्येक नळीत सुमारे दीडशे गोळ्या मावतात. डाव सुरू होताच तो धावत नाही. दोन बंकरांमधील एखाद्या मोकळ्या फटीत तो गोळ्यांची धार धरतो, म्हणजे समोरून धावत येणारा आपोआप त्या धारेत सापडावा, किंवा निदान त्याने डोके वर काढू नये आणि आपल्या पुढच्याला सरकण्यास अवकाश मिळावा. इतके तर कोणीही पाहणारा सांगेल. परंतु ह्या खेळातील जाणते लोक मागच्या गड्याविषयी बोलू लागले म्हणजे ते त्याच्या गोळ्यांविषयी फार बोलत नाहीत. ते त्याच्या आवाजाविषयी बोलतात.

ह्याचे कारण असे. पुढचा गडी शत्रूच्या जवळ असतो खरा, पण त्याला दिसते फारच थोडे. बंकराला चिकटून, मान खाली घालून, मुखवट्याच्या काचेतून तो समोरची एक चिंचोळी पट्टी पाहत असतो. सबंध मैदान दिसते ते मागच्याला. समोरचे किती बाद झाले, किती उरले, कोण कोणत्या बंकरात शिरला, कोण बगलेतून सरकतो आहे, हे सारे त्याने ओरडून सांगावयाचे. मोठे संघ सामन्याआधी मैदानात पायी फिरून प्रत्येक बंकराला सांकेतिक नाव देतात, आकड्यांसाठीही खुणेचे शब्द ठरवितात, म्हणजे शत्रूला ऐकू गेले तरी उमगू नये. मागच्याने खबर दिली नाही तर पुढचा आंधळा. चुकीची खबर दिली तर पुढचा फसला. म्हणूनच मागे सहसा अनुभवी मनुष्य ठेवितात. पाय मंदावले की गडी मागे येतो अशी एक समजूत आहे, आणि ती काही अंशी खरीही आहे. परंतु मंद पायांची भरपाई तेथे डोळ्यांनी आणि कंठाने करावी लागते.

आणखी एक नियम सांगून हे वर्णन पुरे करू. ज्याच्या अंगावर गोळी फुटली त्याने हात वर करून मुकाट्याने मैदान सोडावयाचे. त्याने बोलावयाचे नाही. शत्रू कोठे दडला आहे हे त्याने स्वतः पाहिले असले तरी ते ज्ञान आता त्याच्याबरोबर बाहेर जावयाचे. डाग चोरून पुसणे हा तर मोठा अपराध. तसे करणाऱ्याबरोबर त्याच्या निर्दोष साथीदारासही बाहेर काढण्याचा नियम अनेक स्पर्धांत चालत आला आहे. तात्पर्य, जे सांगावयाचे ते खेळात असतानाच सांगितले पाहिजे.

आता आम्ही ज्या कारणासाठी लेखणी हाती घेतली तेथे येतो. गेल्या नाताळच्या आठवड्यात आमची दहा तरुण मंडळी शहराबाहेरच्या अशा एका मैदानावर गेली, आणि आम्हीही त्यांच्यासोबत होतो. ते मैदान फुगविलेल्या बंकरांचे नव्हे. रिकामी पिंपे, जुने टायर आणि वाळूची पोती एवढाच त्याचा सरंजाम. प्रत्येकास गोळ्याही मोजून मिळत. एकाचा पाय मुरगळल्यामुळे पाचवा गडी म्हणून आम्हांस उभे करण्यात आले. आमचे वय सत्तेचाळीस. आमची जागा कोणती हे विचारावे लागले नाही. आमच्या जोडीला मागे आणखी एक मुलगा ठेवला होता. वय एकवीस, पाय हरणासारखे. परंतु ज्यांनी संघ पाडले त्यांनी त्याला न विचारताच मागे घातले होते, कारण हा काही म्हणत नाही हे सर्वांना माहीत होते. जागेवर जाताना तो हळूच म्हणाला, "फादर, इथेही मीच मागे." त्या 'इथेही' शब्दाने आमचे लक्ष वेधले, पण तेवढ्यात शिटी वाजली.

आमच्या पुढे एक कॉलेजात जाणारी मुलगी होती. ती धीटपणे धावली आणि मधल्या पिंपांआड जाऊन बसली. आम्ही उजवी बाजू धरली होती. डावी ह्या मुलाकडे. थोड्या वेळाने डाव्या बाजूच्या टायरांमागून कोणी सरपटत आले आणि त्या मुलीच्या खांद्यावर पिवळा डाग उमटला. ती हात वर करून बाहेर गेली. डाव संपल्यावर मुखवटे काढण्याच्या जाळीआड तिने ह्याला गाठले. "दादा, तुला तो दिसत होता ना?"

"हो."

"मग ओरडला का नाहीस?"

तो जरा थांबून म्हणाला, "मला वाटलं, तू घाबरशील. म्हटलं, मीच त्याला टिपतो. तुला कशाला सांगायचं."

मुलीने कपाळावर हात मारला, सगळे हसले आणि दुसरा डाव सुरू झाला. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण त्या मुलाचे घर आम्हांस ठाऊक होते.

पुढील मजकूर आम्ही त्याच्या संमतीने लिहीत आहोत. त्याच्या वडिलांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीन वेळा त्यांना डायलिसिसला न्यावे लागते. प्रत्येक खेपेस यंत्रावर चार तास, शिवाय जाणे-येणे. थोरला भाऊ दुबईस नोकरीला आहे. पैसे नियमित पाठवितो, आणि लोक त्याचे कौतुक करितात तेही योग्यच आहे. वडिलांचे उपचार त्याच्याच जिवावर चालले आहेत. धाकटा घरी राहिला. रुग्णालयाच्या बाकावर बसण्याचे, रात्री श्वास लागला की रिक्षा शोधण्याचे, पाणी मोजून देण्याचे काम त्याचे. परतीच्या बसमध्ये तो आमच्याजवळ येऊन बसला आणि आपण होऊन बोलू लागला. वडिलांना दोन महिन्यांत तीन वेळा दाखल करावे लागले होते. आठवड्याचे तीन दिवस रुग्णालयात जाऊ लागल्यापासून ह्याचे पॉलिटेक्निक सुटले होते. ह्यांपैकी एकही गोष्ट भावाला कळविलेली नव्हती. दर रविवारी फोन येई आणि दर रविवारी हा म्हणे, "सगळं ठीक आहे."

"उगाच त्याला तिकडे काळजी," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबला. थोड्या वेळापूर्वी हेच शब्द आपण निराळ्या रीतीने बोललो होतो हे त्याच्या ध्यानी आले असावे. आम्ही काही बोललो नाही. बस शहरात शिरेपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता.

वाचकहो, मागे राहून निमूटपणे सोसणाऱ्यांची स्तुती आपण नेहमीच करीत आलो आहोत. अशी माणसे आमच्या परिचयाची शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्यापुढे आमचे मस्तक नमते. परंतु सोसणे आणि न बोलणे ह्या दोन गोष्टी आपण एकच मानल्या आहेत. त्या एक नव्हेत. त्या पहिल्या डावात रिची व्हाइट मौन राखून जिंकला, कारण तो एकटा होता. त्याच्या मौनाने दुसऱ्या कोणाचे नुकसान होण्यासारखे नव्हते. संघात मागे उभा असलेला गडी मौन धरतो तेव्हा त्याची किंमत पुढचा भरतो, आणि बिचाऱ्याला आपण ती का भरीत आहोत हेही कळत नाही. मागच्याला वाटते, आपण पुढच्याचे रक्षण केले. वस्तुतः त्याने त्याला आंधळे केलेले असते.

मागे राहणे ही हलकी जागा नव्हे, असे सांगून त्या मुलाचे समाधान करणे आम्हांस सोपे होते. तसे सांगणे खरेही झाले असते, पण अपुरे झाले असते. ज्याला सबंध मैदान दिसते त्याच्याकडे एक अधिकार आलेला असतो आणि त्या अधिकाराबरोबर एक कर्तव्यही. जे दिसते ते त्याने सांगितले पाहिजे. पुढचा घाबरेल किंवा रागावेल ह्या भयाने गिळून टाकता कामा नये. पुढचा घाबरलाच तर तो बंकराआड बसेल, दिशा बदलेल, काहीतरी करील. न सांगितल्यास त्याच्या हाती करण्यासारखे काहीच उरत नाही. आणि बाद झाल्यावर तर बोलता येतच नाही.

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा त्या मुलाने सर्व सांगितले. भाऊ प्रथम फार रागावला. तो रागावला ते वडिलांच्या प्रकृतीवरून नव्हे, तर आपणांस परक्यासारखे दूर ठेविले म्हणून. "मी इथं कुणासाठी राबतोय, हे तरी मला कळू दे," असे तो म्हणाल्याचे मुलाने आम्हांस सांगितले. ईस्टरला तो तीन आठवड्यांची रजा काढून आला. ते तीन आठवडे रुग्णालयाच्या बाकावर थोरला बसला आणि धाकटा पॉलिटेक्निकच्या कचेरीत पुन्हा प्रवेशाचा अर्ज भरीत फिरला. परत जाण्यापूर्वी दोघांनी मिळून एका चुलतभावास बुधवारची खेप पत्करण्यास राजी केले. वडिलांचा आजार बरा झालेला नाही. तो आहे तेथेच आहे. पैशाची ओढही आहे. मात्र आता रविवारच्या फोनवर 'सगळं ठीक आहे' हे वाक्य वर्ज्य आहे, असे त्यांनी ठरविले आहे.

आपल्याही घरी असा एखादा मागचा गडी असेल. आजाऱ्याची उशी सारखी करणारी सून असेल, गावाकडची जमीन सांभाळणारा भाऊ असेल, लग्न लांबणीवर टाकून आईपाशी राहिलेली बहीण असेल. आपण स्वतःच तो असाल, तर दिसते ते सांगा. कोणी विचारण्याची वाट पाहू नका. आणि आपण पुढे धावणाऱ्यांपैकी असाल, तर ह्या खेळातील एक लहानसा रिवाज लक्षात ठेवण्याजोगा आहे. मागून हाक आली की पुढच्याने तोच शब्द मोठ्याने उलट उच्चारावयाचा असतो. त्यायोगे मागच्याला कळते की आपले बोलणे पोचले, आणि तो पुन्हा मैदानाकडे डोळे लावतो.